पत्ता बरोबर होता

दिवाळीच्या आधीची साफसफाई हा आमच्या घरातला एक वार्षिक न्यायनिवाडाच असतो. माळ्यावरची एकेक वस्तू खाली येते, मधल्या खोलीत उभी राहते, आणि ‘ठेवायची की टाकायची’ या एकाच प्रश्नाचे तिला उत्तर द्यावे लागते. यंदा माझ्या कचेरीतल्या जुन्या वह्यांची पाळी आली. त्यांच्याविषयी आमच्या सौभाग्यवतींचे मत कधीच ठरलेले होते. मी मात्र वकिलाने हरत आलेला खटला चालवावा तसा एकेक वही उघडून तिच्या बाजूने काही सापडते का ते पाहत बसलो होतो. शेजारी माझी नात चकलीच्या सोऱ्याला तेल लावीत होती. तिने सहज एक वही उचलली, मधलेच पान उघडले आणि मोठ्याने वाचले,

“ ‘पत्ता बरोबर होता.’ आजोबा, हा कुणाचा पत्ता?”

पानावर दुसरे काहीच नव्हते. वर २००१ सालच्या डिसेंबरातली एक तारीख, आणि खाली ही तीन शब्दांची ओळ. अक्षर माझेच. ओळीखाली दोन रेघा मारलेल्या.

मी म्हणालो, “माणसाचा नव्हे ग. संगणकातला पत्ता आहे तो.”

“संगणकाला पत्ता कशाला लागतो?”

तिला त्या दिवशी मी जे सांगितले ते, आणि जे सांगायला मला अंमळ वेळ लागला ते, असे दोन्ही येथे लिहितो आहे. विषय थोडा यंत्राचा आहे. पण वाचकांनी घाबरून पान उलटू नये. फराळाची ताटली जवळ असली तर तीही दूर सारायचे कारण नाही. तिचा उपयोगच होईल.

माझे उभे आयुष्य व्यापारी हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिण्यात गेले. पगार, विमा, मालाची आवक-जावक, निवृत्तिवेतन; जिथे माणसांना पैसे द्यायचे किंवा घ्यायचे असतात तिथले. त्यासाठी मी जी भाषा वापरली तिचे नाव आरपीजी. आयबीएम कंपनीने १९५९ साली आपल्या १४०१ या यंत्राबरोबर ती आणली. भोके पाडलेल्या कार्डांवरून हिशेब काढण्याची सवय असलेल्या कारकुनांना नव्या यंत्रावर काम करता यावे, हा तिचा हेतू. काव्य, शास्त्र, विनोद यांच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. बिलाखाली बेरीज मांडावी आणि बेरीज चुकू नये, एवढेच तिचे ब्रीद.

अशा भाषेत एखादी रक्कम किंवा नाव ठेवायचे तर आधी ते जाहीर करावे लागते. अमुक नावाचे चल आहे, ते आकड्याचे आहे की अक्षरांचे, त्याला एवढी जागा लागेल, असे सांगितले की यंत्र आपल्या स्मृतीत तेवढी जागा राखून ठेवते. स्वयंपाकघरात नवा डबा आणावा आणि त्यावर ‘रवा’ अशी चिठ्ठी लावावी, तसे. चिठ्ठी आहे तिथे डबा आहे, आणि डबा आहे तिथे जागा अडली आहे. कित्येक वर्षे आमचे सारे काम या डब्यांवरच चालले.

१९९४ साली या भाषेची नवी आवृत्ती आली. हळूहळू तिच्यात आणखी एक प्रकार रुळला: पत्त्यावर आधारलेले चल. ते जाहीर करतानाही नाव, प्रकार, लांबी सारे लिहायचे असते. फक्त पुढे ‘बेस्ड’ हा शब्द आणि कंसात एका पत्त्याचे नाव घालायचे. दिसायला फरक एका शब्दाचा, पण त्या शब्दाने सगळा व्यवहार बदलतो. यंत्र या नावासाठी कणभरही जागा राखून ठेवीत नाही. नाव आहे, आकार आहे, डबा मात्र नाही.

नातीच्या हातात सोऱ्या होताच. मी तिला म्हणालो, “ही चकलीची चकती बघ. ती सोऱ्यात बसवली म्हणून चकली तयार झाली का? चकती हा नुसता आकार. पीठ कोणते, ते नंतर ठरते.” आधारित चलाचे असेच आहे. ‘मी ज्या जागेकडे पाहीन ती जागा मला अशी दिसेल’ एवढेच ते जाहीर करते. कुठल्या जागेकडे पाहायचे, हे सांगणारा तो पत्ता. त्याला इंग्रजीत पॉइंटर म्हणतात. मी त्याला पत्ताच म्हणतो. आमच्या यंत्रावर तो सोळा बाइटांचा असे, आणि जाहीर करताना ओळीच्या चाळिसाव्या स्तंभात त्याच्यासाठी एक तारका काढावी लागे. गंमत अशी की, आधारित चल लिहिले आणि पत्ता जाहीर करायला विसरलो, तर भाषा तो आपणहून जाहीर करून टाकी. घर सांगितले की रस्ता गृहीत, असा तिचा समजूतदारपणा.

असल्या हवेतल्या नावांचा रुक्ष व्यापाऱ्यांना काय उपयोग, असे कोणी विचारील. उपयोग मोठा आहे. एका गिऱ्हाइकाच्या बिलात तीन ओळी असतात, दुसऱ्याच्यात तीन हजार. सगळ्यांसाठी तीन हजारांची जागा आधीपासून अडवून ठेवणे हा अपव्यय. त्यापेक्षा लागेल तेव्हा लागेल तेवढी जागा मागून घ्यावी आणि तिचा पत्ता जवळ ठेवावा. दुसरे असे की, एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला मोठी नोंद द्यायची तर तिची नक्कल करीत बसण्यापेक्षा ‘ती अमुक ठिकाणी आहे, बघून घे’ असे सांगणे सोपे आणि जलद. तिसरे, एका नोंदीच्या पोटात पुढच्या नोंदीचा पत्ता ठेवला की नोंदींची हवी तेवढी लांब साखळी होते. ही सोय सर्वसाधारण उपयोगाच्या वरच्या पातळीवरील भाषेत पहिल्यांदा आणली ती हॅरॉल्ड लॉसन या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने, १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यावर, पीएल/वन या भाषेत. व्यापार आणि विज्ञान या दोघांनाही एकच भाषा पुरावी म्हणून ती रचली जात होती. ‘बेस्ड’ हा शब्द तिच्यातलाच. लॉसन यांना त्या कल्पनेबद्दल २००० साली मोठा सन्मान मिळाला. व्यापारी भाषांमधली थोरली जी कोबॉल, तिच्या अधिकृत प्रमाणग्रंथात ही सोय यायला २००२ साल उजाडावे लागले. व्यापारी माणूस नव्या कल्पनेला दारात बराच वेळ उभा करतो, हे खरे.

इथवर सारे सोयीचे झाले. पण एखादी सोय वापरताना आपण काय कबूल करीत आहोत, हे सहसा कोणी पाहत नाही. साधे चल जाहीर केले तर त्याच्या खरेपणाची हमी यंत्र घेते. डबा त्यानेच दिलेला असतो; त्यात काय मावेल हे त्याला ठाऊक असते. आधारित चल जाहीर करताना मी यंत्राला म्हणतो, “या पत्त्यावर पहिल्या दहा बाइटांत क्रमांक आहे, पुढच्या तीसांत नाव आहे, त्यापुढच्या पाचांत रक्कम आहे. तू पडताळू नकोस. मी सांगतो ना!” आणि यंत्र माझ्या शब्दावर विश्वास ठेवते. माणसे एकमेकांवर इतका विश्वास क्वचितच ठेवतात.

पत्ता रिकामा असेल तर मात्र यंत्र फसत नाही. कुठलीच जागा न दाखवणाऱ्या पत्त्यासाठी एक खास रिकामे मूल्य ठेवलेले असते. अशा पत्त्यावरून काही वाचायला गेलात की आरपीजीचा प्रोग्रॅम दोनशे बावीस क्रमांकाची चूक दाखवून जागच्या जागी थांबतो. नवशिक्यांना त्याचा राग येतो. मला रिकामा पत्ता नेहमी प्रामाणिक वाटत आला. आपल्याकडे काही नाही, हे तो सरळ सांगतो.

आणि खोटा पत्ता? त्याचाही बंदोबस्त होता. आम्ही ज्या यंत्रावर काम करीत असू ते एएस/४००. ते १९८८ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी घडले. त्याच गावच्या सिस्टिम/३८ या १९७८ सालच्या यंत्राकडून त्याला एक संस्कार वारशाने मिळाला होता. स्मृतीत खऱ्या पत्त्याबरोबर एक छुपी खूण ठेवलेली असे. ती खूण साध्या प्रोग्रॅमला दिसतही नसे आणि लावताही येत नसे. कोणी हातचलाखी करून पत्त्याचे बाइट बदलले, किंवा आकडे जुळवून नवाच पत्ता बनवू पाहिला, की ती खूण आपोआप पुसली जाई. मग ते सोळा बाइट म्हणजे नुसती अक्षरे. पत्ता म्हणून यंत्र त्यांना ओळखतच नसे. सरकारी शिक्का असतो ना, कागद खाडाखोड केला की बाद, त्यातला प्रकार. शिक्क्याची नक्कल माणसे करतात; या खुणेची करता येत नसे. हे प्रथम वाचले तेव्हा रचनाकारांना मी मनोमन नमस्कार केला होता.

त्या आदरातच माझी चूक दडलेली होती. पत्ता खरा आहे याची यंत्र एवढी काळजी घेते, तेव्हा त्या पत्त्यावर जे दिसते तेही खरेच असणार, असे मी नकळत धरून चाललो.

२००१ सालची गोष्ट. दोन हजार सालच्या तारखांची धावपळ संपली होती आणि तिच्या निमित्ताने आलेले परदेशी काम आमच्याकडे टिकून होते. पुण्याच्या एका कचेरीत बसून आम्ही अमेरिकेतल्या एका निवृत्तिवेतन निधीचे हिशेब सांभाळत असू. निवृत्ताच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीला किंवा पतीला जी रक्कम दरमहा जाते तिचा प्रोग्रॅम माझा होता. छोटासाच. मुख्य प्रोग्रॅम नोंद तयार करी आणि तिचा पत्ता माझ्या प्रोग्रॅमला देई. मी आधारित चलाच्या आकारातून ती वाची, आणि एक्केचाळिसाव्या बाइटापासून पाच बाइटांत असलेली एकूण रक्कम उचलून पुढे पाठवी.

मुख्य प्रोग्रॅमवर माझा एक तरुण सहकारी होता. हुशार, अबोल, कामाला चोख. नोव्हेंबरात निधीने सांगितले की मूळ वेतन आणि महागाईची वाढ धरून होणारी एकूण रक्कम, दोन्ही वेगळी दाखवा. त्याने नोंदीत ‘मूळ रक्कम’ हे नवे घर घातले, आणि कागदावर कोणीही मांडील तसे मांडले. आधी मूळ, मग एकूण. म्हणजे एक्केचाळिसाव्या बाइटावर आता मूळ रक्कम आली आणि एकूण रक्कम पाच बाइट पुढे सरकली.

माझ्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ताच नव्हता. हा शब्दही कसा येऊन बसला पाहा! नोंदीचे वर्णन एका सामायिक ठिकाणी ठेवावे आणि सर्व प्रोग्रॅमांनी तिथूनच घ्यावे, अशी शिस्त होती. तसे केले असते तर प्रोग्रॅम पुन्हा बांधताच नवी मांडणी आपोआप आली असती. मी पूर्वी केव्हातरी घाईत ते वर्णन स्वतःच्या हाताने उतरवून घेतले होते. माझी चकती जुनीच राहिली.

त्या जागी नावाची अक्षरे आली असती तर हिशेब करताना यंत्राने तक्रार केली असती. या पाच बाइटांत दोन-दोन अंक दाबून बसवलेले असतात आणि अखेरच्या अर्ध्या बाइटात धन-ऋणाचे चिन्ह असते. अक्षरांना ती घडी जमत नाही. पण तिथे दुसरी रक्कमच होती. नऊ अंकी, पाच बाइटांची, निर्दोष घडीची. पत्ता अस्सल, आकडा अस्सल, बेरीज बिनचूक. त्या महिन्यात एकतीस विधवा-विधुरांना महागाईची वाढ न धरता पैसे गेले.

पुढच्या महिन्यात चूक कळली, फरक भरून दिला गेला. पण मधल्या काळात निधीकडे एका वृद्ध बाईंचे पत्र आले होते आणि त्याची प्रत आमच्याकडे पाठवण्यात आली. पत्रात रागाचा शब्द नव्हता. रक्कम कमी आली, ती पुढेही कमीच येणार असे समजून मी थंडीसाठी घर गरम ठेवण्याचे तेल कमी मागवले, असे त्यांनी कळवले होते. आणि पुढे विचारले होते, माझी काही चूक झाली आहे का?

चौकशीची बैठक झाली. चूक कुठे झाली, असे वरिष्ठांनी विचारले. मी म्हणालो, “माझ्या प्रोग्रॅमला मिळालेला पत्ता बरोबर होता. त्या पत्त्यावरची मांडणी बदलली गेली होती.” दोन वाक्ये, दोन्ही खरी. खोलीतल्या सर्वांच्या माना त्या तरुणाकडे वळल्या. ‘मांडणी बदलताना इतरांना कळवायचे नसते का?’ असे त्याला विचारण्यात आले. तो माझ्याकडे क्षणभर पाहत राहिला आणि म्हणाला, “कळवायला हवं होतं, सर.”

संध्याकाळी टेबलावरचे कागद आवरताना एका फायलीखाली त्याची चिठ्ठी मला मिळाली. तारीख नोव्हेंबरातली. ‘सर, नोंदीत एक्केचाळिसाव्या बाइटाशी नवे घर घातले आहे. तुमच्या प्रोग्रॅमवर परिणाम होईल का, पाहाल का?’ मी ती न वाचता बाजूला ठेवली होती. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांकडे जाऊन ही चिठ्ठी दाखवता आली असती. मी गेलो नाही. त्या रात्री वहीत तीन शब्दांची ओळ लिहिली आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या. तरुणाला त्या कामावरून हलवण्यात आले. पुढे सहा महिन्यांनी तो नोकरी सोडून गेला.

गेली कित्येक वर्षे मी या गोष्टीचा विचार करीत आलो आहे. प्रथम मी तो हिशेबी माणसासारखा केला. जागा बदलणारा दोषी की जुन्या आकारातून पाहणारा? दोघांचा वाटा किती-किती? मनाच्या न्यायालयात मी बहुधा निम्म्यावर सुटत असे. पण त्या वाटणीत खरा अपराध बसतच नव्हता. चुकीचा आकार वापरणे ही चूक होती. चूक कोणाकडूनही होते. अपराध बैठकीतल्या त्या दोन खऱ्या वाक्यांचा होता, आणि संध्याकाळनंतरच्या मौनाचा.

महाभारतातला द्रोणवधाचा प्रसंग आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेला आहे. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, आणि धर्मराजाने द्रोणाचार्यांना सांगितले की अश्वत्थामा मेला. हत्तीविषयीचे शब्द तो हलक्या आवाजात पुटपुटला. लहानपणी मला वाटे, यात धर्मराजाचे फारसे काय चुकले? अश्वत्थामा मेला होताच की! पत्त्यांचा धंदा करू लागल्यावर मला त्या गोष्टीची खोच कळली. धर्मराजाने नाव खोटे सांगितले नाही. त्या नावाच्या जागी काय आहे हे त्याला माहीत होते, आणि ऐकणाऱ्याला तिथे काय दिसेल हेही माहीत होते. त्या दोहोंतले अंतर त्याने जाणूनबुजून राहू दिले. आतापर्यंत जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला, तो त्या अंतरासाठी. माझे वाक्य त्याच कुळातले. ‘मांडणी बदलली गेली होती’ हे मी म्हणालो तेव्हा सर्वांना त्या तरुणाचा निष्काळजीपणा दिसणार, हे मला कळत होते.

मला वाटते, खरेपणाच्या दोन पायऱ्या आहेत. पत्ता खरा असणे ही पहिली. तिची हमी यंत्र देऊ शकते, कायदा देऊ शकतो, सरकारी शिक्का देऊ शकतो. त्या पत्त्यावर आपण जे आहे म्हणतो ते खरोखर तिथे असणे ही दुसरी. तिची हमी जाहीर करणाऱ्या माणसावाचून कोणीही देऊ शकत नाही. सातबाऱ्याचा उतारा घ्या. गट नंबर बरोबर, तलाठ्याची सही बरोबर; पण बाप वारल्यावर बहिणीचे नाव चढवायचे राहिले असेल तर तो बिनखोट कागद त्या बहिणीपुरता अपुराच असतो. तिथे कोणा अधिकाऱ्याने फसवणूक केलेली नसते. ज्याला माहीत होते तो बोललेला नसतो, इतकेच.

माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो. पाहुणा दारात येण्याआधीच आपल्याजवळ त्याचा साचा तयार असतो. हा अमक्या गावचा, तमक्या धंद्यातला, म्हणजे पहिल्या दहा बाइटांत हे असणार आणि पुढच्या तीसांत ते. आणि वाईट हे की बहुधा काहीतरी जुळतेच. यंत्र थांबत नाही, कुणी तक्रार करीत नाही, आपण पाच बाइट अलीकडचे वाचून त्यालाच माणूस समजतो. तो अबोल तरुण मला असाच दिसला होता. ‘घाई करणारी नवी पोरे’ हा माझा साचा. चिठ्ठी लिहिणारा मुलगा त्या साच्यात कुठे बसतच नव्हता, म्हणून त्याची चिठ्ठी वाचण्याजोगी वाटली नसावी.

या भाषेत आणखी एक गोष्ट आहे, ती सांगायला हवी. मागून घेतलेली जागा काम झाले की परत करायची असते. परत करण्याच्या आज्ञेपुढे कंसात ‘एन’ हे एक अक्षर लिहिले, तर जागा परत जाताच आपल्या हातातला पत्ताही रिकामा होतो. ते अक्षर न लिहिले तर जागा जाते, पण हातात जुना पत्ता तसाच राहतो. उद्या त्या जागी कुणा दुसऱ्याचा संसार थाटला जातो आणि आपण त्यात आपले सामान शोधतो. ते अक्षर लिहूनही आपल्याच हातातला पत्ता पुसला जातो. त्याच्या नकला ज्यांना ज्यांना दिल्या त्यांना कोणी कळवीत नाही. ते काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे. जिथे म्हणून भाषेचा बंदोबस्त संपतो, तिथून आमचे कर्तव्य सुरू होते, हे मी नवशिक्यांना वर्गात वर्षानुवर्षे शिकवले. शिकवताना माझ्या वहीतली ओळ मला आठवत असे, आणि मी फळ्याकडे तोंड करीत असे.

सर टोनी होर या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञाने रिकाम्या पत्त्याची कल्पना १९६५ साली अल्गोल डब्ल्यू या भाषेत आणली होती. २००९ साली लंडनच्या एका परिषदेत, वयाची पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने भर सभेत सांगितले की ती आपली चूक होती आणि तिची किंमत जगाला अब्ज डॉलरांच्या घरात पडली असेल. मी वर म्हटले आहे की मला स्वतःला रिकामा पत्ता प्रामाणिक वाटतो. तेव्हा ती चूक होती की नाही यावर मी वाद घालीन. पण त्या कबुलीजबाबाबद्दल वाचले त्या दिवशी मला जेवण गोड लागले नाही. त्यांची चूक चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची आणि शास्त्रातली. माझी आठ वर्षांपूर्वीची, आणि एका मुलाच्या नोकरीची.

तरीही मी तेव्हा काही केले नाही. ते घडले यंदा, नातीने ती ओळ मोठ्याने वाचल्यावर. सगळे सांगून झाले तेव्हा ती म्हणाली, “मग त्यांना सांगितलंत का तुम्ही?” मी म्हणालो, “आता कुठे असेल कोण जाणे. जुना पत्ता...” आणि पुढे बोलवेना. या घरात कोणतेही निमित्त चालेल. तेवढे एक मला चालण्याजोगे नव्हते.

दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांकडे विचारपूस केल्यावर फोन नंबर मिळाला. तो आता बंगळुरूला असतो. त्याच्या हाताखाली पुष्कळ माणसे आहेत. मी नाव सांगताच त्याने ओळखले. मी आडपडदा न ठेवता चिठ्ठीची गोष्ट सांगितली. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

“सर,” तो म्हणाला, “बैठकीच्या वेळी तुम्ही ती वाचली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं होतं. म्हणूनच मी तिथे बोललो नाही. मला वाटलं, नंतर सापडली की तुम्ही सांगाल.”

मी म्हणालो, “त्याच संध्याकाळी सापडली होती.”

“हो का?” एवढेच तो म्हणाला. मग जरा वेळाने त्याने सांगितले की तेव्हापासून नोंदीत नवे घर घालायचे झाले तर तो मधे कधी घालत नाही, नेहमी शेवटी घालतो. म्हणजे जुन्या आकारातून पाहणाऱ्याचेही काही बिघडत नाही. आपल्या माणसांनाही त्याने ती सवय लावली आहे. मी चौकशी केली, त्याने केली. दिवाळीच्या शुभेच्छा देऊन घेऊन झाल्या. त्याने मला क्षमा केली की नाही हे मी विचारले नाही, आणि तोही त्याविषयी काही बोलला नाही. ज्या बाईंनी तेल कमी मागवले होते त्यांना तर मी काहीच सांगू शकत नाही.

संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा रद्दीत गेला. ती एक वही नातीने काढून ठेवली. “ही ठेवायची,” तिने आजीला बजावले. मग माझ्याकडे वळून विचारले, “पण आजोबा, पत्ता खरंच बरोबर होता ना?”

“होता,” मी म्हणालो, “तेवढा एक होता.”

ती सोऱ्यात पीठ भरायला गेली. जाताना चकती कोणती आहे ते तिने उजेडात धरून पाहिले.